रंग कोणी ठरवायचा?

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. पुढे छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि काही वर्षांनी फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रभरच्या देवघरांत पोचल्या. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर ठरवी, की या साडीच्या तांबड्यात गुलाबीचा वाटा किती, पिवळ्याचा किती. त्या अंदाजाने तो एकेका दगडावर तेलकट शाईने ठिपके भरी आणि मग तोच कागद ओळीने सगळ्या दगडांवरून छापून निघे. रंग मूळ चित्रासारखा उतरला की नाही, याचा निकाल त्या एका माणसाची नजर देई.

हा निकाल आता कोणाच्या हाती आहे, हे मॉनिटर विकत घेणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत रंग ठरवण्याचा अधिकार कारागिराकडून शास्त्रज्ञांकडे, त्यांच्याकडून समित्यांकडे आणि समित्यांकडून कंपन्यांकडे गेला. आज तो बहुतेक वेळा दुकानातल्या भगभगीत ‘व्हिविड’ मोडकडे असतो. गिऱ्हाईक इंच विचारते, रिझोल्यूशन विचारते, किंमत विचारते. रंगाबद्दल मात्र डोळ्यांना जे छान दिसते त्यावर विसंबते. आमचे म्हणणे असे, की अचूक रंग हा महागड्या पडद्याचा गुण नाही. तो अनेकांनी मिळून केलेला एक करार आहे आणि मोजून पाळला तरच तो टिकतो. साधारण ऐपतीच्या माणसालाही तो पाळता येतो.

या कराराची सुरुवात लंडनमध्ये झाली, तीही एका सुदैवी योगायोगाने. १८६१ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी चौकटीच्या विणीच्या एका फितीची तीन छायाचित्रे दाखवली. थॉमस सटन यांनी ती लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतली होती. त्याच तीन रंगांच्या प्रकाशात ती एकमेकांवर पाडताच भिंतीवर रंगीत फीत उमटली. खरे तर त्या काळच्या काचांवरील रसायनाला लाल प्रकाश जाणवतच नव्हता. शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी छडा लावला, की फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत असणार आणि लाल गाळणीतून तेच काचेवर पोचले असणार. सिद्धान्त बरोबर होता, पुरावा नशिबाने मिळाला. तीन प्रकाशांतून रंग उभा करायचा हे मात्र तेव्हापासून पक्के झाले आणि आजचा प्रत्येक पडदा त्याच तीन पायांवर उभा आहे.

पण कोणता लाल, किती हिरवा? याचे उत्तर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डब्ल्यू. डी. राइट आणि जॉन गिल्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे शोधले. प्रयोग साधा आणि चिकाटीचा होता. डोळ्यासमोर प्रकाशाचे एक छोटे वर्तुळ, हात लांब करून अंगठा धरला तर जेवढी जागा व्यापेल साधारण तेवढे. मधोमध रेघ. एका अर्ध्यात एकाच तरंगलांबीचा शुद्ध रंग, दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे मिश्रण. बसलेल्या माणसाने तिन्ही प्रकाश कमीजास्त करत राहायचे, मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत. मग आकडे टिपायचे आणि पुढचा रंग घ्यायचा. काही रंग असे निघाले, की काही केल्या रेघ पुसेना. मोरपंखी-निळसर हिरव्या पट्ट्यात हे विशेष घडे. तेव्हा लाल प्रकाश मिश्रणातून काढून समोरच्या शुद्ध रंगातच मिसळावा लागला, तेव्हा कुठे दोन्ही बाजू जुळल्या. आकड्यांच्या भाषेत लाल उणे झाला. लाल, हिरवा, निळा हे कोणतेही तीन खरे प्रकाश घेतले तरी डोळ्याला दिसणारे सगळे रंग त्यांतून निघत नाहीत, हे या उण्या आकड्याने कायमचे सांगून ठेवले. पैठणीच्या पदरावरचा गडद मोरपंखी फोटोत का हरवतो, याचे मूळ थेट इथे आहे.

राइट यांच्याकडे दहा आणि गिल्ड यांच्याकडे सात अशा सतरा जणांच्या नजरेची सरासरी काढून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, म्हणजे सीआयईने, ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. मॉनिटरच्या खोक्यावर रंगाविषयी जे काही छापलेले असते ते आजही या सतरा डोळस माणसांच्या सरासरीवर बेतलेले असते. आम्हाला ही मानवी कर्तबगारीची मोठी गोष्ट वाटते. कारागिराच्या एका नजरेऐवजी इथे पहिल्यांदा अनेकांची नजर आली, आणि ती कोणालाही तपासता येईल अशा आकड्यांत लिहिली गेली.

करार करणे सोपे, पाळणे कठीण, हे दूरचित्रवाणीने दाखवले. अमेरिकेत १९५३ साली एनटीएससी ही रंगीत प्रक्षेपणाची पद्धत मंजूर झाली. तिने ठरवलेले तीन मूळ रंग चांगले गडद होते, पण ते दाखवणारी रसायने उजेड कमी देत. दुकानात शेजारचा संच जास्त उजळ दिसला की गिऱ्हाईक तिकडे वळे. त्यामुळे कारखानदारांनी लवकरच अधिक उजळ, पण कमी गडद रसायने वापरायला सुरुवात केली. कागदावर प्रमाण एक आणि घरात रंग दुसरा. त्यातच वाटेत सिग्नल बिघडला की चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसत, म्हणून त्या संचांवर रंगछटा फिरवायचे वेगळे बटणच असे. जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी काढलेल्या पाल पद्धतीने दर ओळीला सिग्नलचा एक भाग उलटवून ही चूक आपोआप भरून काढली. भारताने पाल घेतली. मुंबई दूरदर्शन १९७२ साली कृष्णधवल सुरू झाले होते. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले. छटेचा प्रश्न सुटला होता, तरी रंगाचे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायची हौस उरलीच. भडक म्हणजे चांगले हा समज तेव्हापासूनचा.

याच काळातली एक गोष्ट आपल्या वर्णाच्या लोकांनी विसरू नये. फोटो धुण्याची यंत्रे जुळवायला कोडॅक नमुन्याची छायाचित्रे देई. त्यांवर दशकानुदशके गोरी तरुणी असे. तिची कांती नीट उतरली की यंत्र नीट लागले असे मानत. सावळ्या चेहऱ्यावरचे उतार-चढाव सपाट, काळपट आले तर तो विषयच होत नसे. प्रमाण कोणी ठरवले, कोणाला समोर बसवून ठरवले, याचा परिणाम असा शेवटच्या माणसाच्या लग्नाच्या अल्बमपर्यंत जातो. १९७६ साली मॅकबेथ कंपनीचा चोवीस चौकोनांचा रंगतक्ता आला. त्यातला पहिलाच चौकोन गडद त्वचेचा होता, दुसरा उजळ त्वचेचा. हा तक्ता आजही जगभर वापरात आहे.

संगणकाच्या जगात करार झाला तो १९९६ साली. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे प्रमाण सुचवले आणि १९९९ साली ते आंतरराष्ट्रीय झाले. कचेऱ्यांत जे काचेच्या नळीचे मॉनिटर होते त्यांना झेपेल एवढेच रंग त्यात घेतले. डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशाचा जेमतेम एक तृतीयांश भाग त्यात येतो. अनेक जाणकारांनी त्याला दरिद्री म्हटले. आमच्या मते तो अत्यंत शहाणा निर्णय होता, कारण तो सगळ्यांना पाळता येणारा होता. एसआरजीबी सुचवल्यानंतर दोनच वर्षांनी अॅडोबीने आपले विस्तृत प्रमाण आणले, तेही एका दस्तऐवजातले आकडे चुकीने उचलून. वापरणाऱ्यांना ते सोयीचे वाटले आणि रूढ झाले.

आजचा घोटाळा वेगळाच आहे. स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. ज्या प्रमाणाकडे १९५३ नंतर खुद्द टीव्हीवाल्यांनीच पाठ फिरवली त्याच्या पंचेचाळीस टक्के! अशा पडद्यावर एसआरजीबीचे रंगही पुरते दिसत नाहीत. कुंकू विटकरी दिसते आणि अंजिरी, डाळिंबी, आमसुली एकमेकांत मिसळतात. ७२ टक्के लिहिलेले असेल तर पडदा एसआरजीबीच्या आसपास येतो. दुसऱ्या टोकाला क्वांटम डॉट किंवा नव्या लाल फॉस्फरचे विस्तृत रंगांचे पडदे आहेत. त्यांत दोष काही नाही, पण चित्र एसआरजीबीचे आणि प्रोग्रामला पडद्याची माहिती नाही, असे झाले की तेच आकडे अधिक गडद लाल-हिरव्यावर जाऊन बसतात. माणसांचे गाल टोमॅटोसारखे होतात. अशा पडद्यासमोर बसून येवल्याच्या विणकराने साडीचा फोटो ‘बरोबर’ केला, की गिऱ्हाइकाच्या फोनवर ती फिकी दिसणार. मग परत आलेल्या साडीचा भुर्दंड त्यालाच.

तेव्हा विकत घेताना काय पाहावे? आयपीएस पॅनेल घ्यावे, कारण मान थोडी वाकडी केली तरी त्याचे रंग फारसे बदलत नाहीत. एसआरजीबी जवळजवळ शंभर टक्के हवे. कारखान्यातून मोजणीचा अहवाल येत असेल तर त्यात डेल्टा ई, म्हणजे हवा तो रंग आणि दिसणारा रंग यांतले अंतर, सरासरी दोनच्या आत असावे. विस्तृत पडदा घेतलात तर त्यात एसआरजीबी मोड आहे का आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो का, हे दुकानातच करून पाहावे. पुष्कळ मॉनिटर तिथे बटण बंद करतात. छपाईचे काम नसेल तर विस्तृत पडद्यासाठी जास्तीचे पैसे घालू नयेत. त्या पैशांत कलरिमीटर घ्यावा.

कलरिमीटर हे मुठीत मावणारे उपकरण. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, उपकरण पडद्याच्या मध्यावर टेकवायचे आणि वायर मागे सोडायची. मग त्याच्याखाली एकेक रंग उजळत जातो: पांढरा, करड्याच्या पायऱ्या, लाल, हिरवा, निळा, पुन्हा करडा. उपकरण प्रत्येकाचा प्रकाश मोजते आणि शेवटी त्या पडद्याची प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांची नोंद असलेली फाइल, तयार होते. पहिल्यांदा करणाऱ्याला पडदा पिवळट वाटतो. डोळ्याला कारखान्यातल्या निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. दोन दिवस द्यावेत. बॅकलाइट जुना होईल तसा रंग सरकतो, म्हणून हे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करावे लागते.

डीटीपीवाल्यांची जुनी तक्रार, ‘स्क्रीनवर छान होते, छापून काळे आले’, बहुतेक वेळा रंगाची नसतेच. ती उजेडाची असते. एसआरजीबीने गृहीत धरलेला पांढरा दर चौरस मीटरला ८० कँडेलाचा आहे. नवे मॉनिटर खोक्यातून बाहेर येतात ते अडीचशे-तीनशेच्या घरात. एवढ्या झगमगाटात सावलीतला तपशील दिसतो, कागदावर तो बुडतो. प्रूफशी ताडून पाहायचे तर पडदा शंभराच्या आसपास आणावा, खोलीत रंगीत भिंत आणि थेट ऊन नको, आणि प्रूफ ट्यूबलाइटखाली न धरता छपाईसाठीच्या डी५० दिव्याखाली धरावे.

एक आक्षेप नेहमी येतो: पाहणाऱ्यांचे फोन हजार तऱ्हेचे, मग आपण एवढे नेमके राहून उपयोग काय? उपयोग असा, की हजार फोनांच्या चुका हजार दिशांना असतात. मूळ फाइल बरोबर असेल तर कोणाला ती थोडी उबदार दिसेल, कोणाला थोडी थंड. मूळच तांबूस सरकलेले असेल तर प्रत्येकाच्या चुकीत आपली चूक मिळते. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचा प्रवास बघा: चित्रकाराचा पडदा, मांडणी करणाऱ्याचा पडदा, छापखान्याचा पडदा, मग चार शाया. तिन्ही पडदे वेगवेगळे बोलत असतील तर मशीनवर उभा असलेला माणूस कोणाचे ऐकणार?

मोजणीलाही मर्यादा आहे. ती सतरा माणसांची सरासरी कोणा एकाचा डोळा नाही. नव्या पडद्यांतले तीन प्रकाश फार अरुंद पट्ट्यांचे असतात, त्यामुळे उपकरण दोन पडदे अगदी सारखे म्हणत असताना माणसाला एकाचा पांढरा हिरवट दिसू शकतो. अशा वेळी पांढरा नजरेने जुळवावा. एवढा अधिकार कारागिराच्या डोळ्याकडे अजून शिल्लक आहे.

हे सगळे एकट्या गिऱ्हाइकावर सोडून भागणार नाही. कला महाविद्यालये, ग्रंथालये, संग्रहालये सरकारी पैशाने मॉनिटर घेतात. त्यांच्या निविदांत इंचांबरोबर एसआरजीबीची टक्केवारी, डेल्टा ईची मर्यादा आणि दर दहा-वीस मॉनिटरमागे एक कलरिमीटर अशा अटी घालायला हव्यात. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे, मळवलीची छापील चित्रे, जुन्या नाटकांच्या जाहिराती यांचे कागद दरवर्षी पिवळे पडत आहेत. त्यांचे डिजिटायझेशन जिथे जिथे होते तिथे प्रत्येक फ्रेममध्ये चोवीस चौकोनांचा तक्ता ठेवणे आणि फाइलीला प्रोफाइल जोडणे सक्तीचे करावे. ज्या संस्थांनी तक्त्याशिवाय स्कॅन केले आहे त्यांनी मूळ कागद हाताशी आहेत तोवर ते काम पुन्हा हाती घ्यावे, आणि सुरुवात सर्वांत नाजूक झालेल्या अंकांपासून करावी.