'कोणी पाहिले?' हा प्रश्न डार्विनपाशी थांबत नाही

१/
जानेवारी २०१८. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी जाहीरपणे सांगितले की, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यानुसार बदल व्हायला हवा. कारण काय? तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहिले नाही, सांगितलेही नाही.

२/
देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या विधानाचा प्रतिवाद केला. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्याची सूचना दिली. आजच्या माकडापासून माणूस झाला असे डार्विन म्हणतच नाही, दोघांचा पूर्वज समान आहे एवढेच तो म्हणतो, हेही जीवशास्त्रज्ञांनी समजावून सांगितले. या धाग्यात मात्र मला इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आक्षेप मांडायचा आहे.

३/
'कोणी पाहिले?' हीच पुराव्याची कसोटी ठरली, तर आपल्या विदर्भाचा निम्मा इतिहास पुसावा लागेल. जुनापाणी, माहूरझरी येथील महापाषाणीय शिलावर्तुळे कोणी उभारली, हे सांगणारा एकही लेख उपलब्ध नाही. तरीही तेथील दफनांत सापडलेली लोखंडी अवजारे, घोड्यांचे सामान आणि मृद्भांडी यांवरून त्या समाजाचे चित्र आपण उभे करतो. साक्षीदार नसतो तेथे अवशेष बोलतात. उत्खननशास्त्र याच गृहीतकावर उभे आहे आणि जीवाश्मशास्त्रही.

४/
यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. वणी परिसरातील दगडी कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्या काळच्या गोंडवन थरांत ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पाने आढळतात. फुलझाडे आढळत नाहीत. जिल्ह्याचा बराच भाग व्यापणारा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विदर्भात या लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात मात्र ताडवर्गीय झाडे, फळे आणि बिया सापडतात. खालच्या थरात फूल नाही, वरच्या थरात आहे. जगभर हाच क्रम दिसतो.

५/
हे जीवाश्म प्रथम कसोशीने गोळा करणाऱ्यांत होते नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने तेथील महाविद्यालय ओळखले जाते. ते स्कॉटिश मिशनरी होते. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. हिस्लॉप यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरील निबंध १८५५ मध्येच लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला होता. मांगली येथे मिळालेल्या उभयचराच्या कवटीला 'ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स' हे नाव दिले रिचर्ड ओवेन यांनी, जे पुढे डार्विनचे कडवे टीकाकार झाले. म्हणजे हे पुरावे डार्विनच्या अनुयायांनी सोयीने रचलेले नव्हते. धर्मोपदेशकाने खणले आणि विरोधकाने वर्णिले.

६/
'मग दोन्ही बाजू शिकवा' हा युक्तिवाद अमेरिकेतून आला. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांतीबरोबर 'सृष्टिनिर्मितीचे विज्ञान' शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर एका पाठ्यपुस्तकाच्या मसुद्यात 'निर्मिती' हा शब्द खोडून 'डिझाइन' हा शब्द घालण्यात आला. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटल्यात २००५ मध्ये हे मसुदे न्यायालयापुढे एकाशेजारी एक ठेवले गेले आणि 'इंटेलिजंट डिझाइन' हे विज्ञान नव्हे, असा निकाल लागला. हस्तलिखितांच्या पाठभेदांवरून प्रक्षेप ओळखणे ही तर आपल्या विषयाची जुनी रीत!

७/
त्या खटल्यातील प्रमुख वैज्ञानिक साक्षीदार केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक. त्यामुळे हा धर्म विरुद्ध विज्ञान असा सामना समजू नये. प्रश्न एवढाच की, विज्ञानाच्या तासाला तपासता येणारी गोष्ट शिकवायची की न येणारी? पर्मियन कोळशात उद्या सशाचे हाड निघाले, तर उत्क्रांतीची मांडणी कोलमडेल. रचनाकाराचा सिद्धांत मात्र काहीही निघाले तरी कोलमडत नाही. ही त्याची उणीव आहे. तिला बळ समजण्याची चूक होते.

८/
आपल्याकडे आणखी एक सूर ऐकू येतो: 'दशावतार म्हणजेच उत्क्रांती, आम्हांला हे आधीच ठाऊक होते.' मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम मोहक आहे खरा. पण ही तुलना ब्लाव्हाट्स्की यांच्या १८७७ च्या ग्रंथात दिसते, केशवचंद्र सेनांकडे त्यानंतर, म्हणजे डार्विननंतरच. पुराणकारांना अवताराचे प्रयोजन सांगायचे होते. त्यांच्या तोंडी एकोणिसाव्या शतकाचे जीवशास्त्र घालणे हा कालविपर्यास आहे आणि त्यात पुराणांचाही मान राहत नाही.

९/
२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' झाले. भार कमी करणे हे कारण दिले गेले. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, हेही सांगितले गेले. १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे विरोध केला. बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे. महाराष्ट्राने येथे उजवी भूमिका घेतली, असे माझे स्पष्ट मत आहे.

१०/
कारण बारावीचे जीवशास्त्र सर्वांच्या वाट्याला येत नाही. दहावीनंतर कला वा वाणिज्य शाखेकडे जाणारा, आयटीआयची वाट धरणारा किंवा शिक्षण सोडून शेतीत उतरणारा विद्यार्थी उत्क्रांतीला भेटतो तो दहावीतच. वणी, पांढरकवड्याच्या मुलाने पायाखालच्या कोळशाचे वय जाणावे की नाही, हे त्याने निवडलेल्या शाखेवर सोडणे अन्यायाचे आहे.

११/
म्हणून इतिहासप्रेमींनी हा वाद परका मानू नये. साक्षीदार नसताना पुराव्यावरून भूतकाळ जाणता येतो, ही शिकवण विज्ञानाच्या वर्गातून गेली, तर इतिहासाच्या वर्गात ती फार काळ टिकणार नाही. अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जातील तेव्हा तो पाठ जागेवर आहे ना, हे आपणही पाहिले पाहिजे.