सव्वा ग्रॅमची दृष्टी

तमिळनाडूत कावलूर येथील वेणू बाप्पू दुर्बीण १९८६ साली राष्ट्राला अर्पण झाली. तिचा आरसा २.३४ मीटर व्यासाचा. परंतु काच केवळ आकार सांभाळते. प्रकाश परतवितो तो तिच्यावर निर्वात पात्रात चढविलेला ॲल्युमिनियमचा थर. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी, वजन जेमतेम सव्वा ग्रॅम! धूळ व दमट हवा यांनी तो मलिन होतो. म्हणून ठरावीक काळाने जुना थर काढून नवा द्यावा लागतो. त्यासाठीचे संयंत्र वेधशाळेतच उभारले गेले, ही खरी दूरदृष्टी. आपल्या अंदाजपत्रकांत मात्र भांडवली खर्च मिरवतो आणि देखभालीवर पहिली कात्री चालते. देखभालीची तरतूद हा यंत्राच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे; अन्यथा कोनशिला झळकत राहील आणि आरसा आंधळा होईल.