डॉलरची दौलतजादा

जयंतीच्या स्मरणिकेत स्ट्रिप क्लबविषयी लेख यावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. ही स्मरणिका आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वांच्या हाती जाते, याची मला जाणीव आहे. तथापि ज्या विषयाची घरात चर्चा होत नाही तो घरापर्यंत पोहोचतच नाही, असे मानणे भाबडेपणाचे होईल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले आज येथील कंपन्यांत जबाबदारीच्या हुद्द्यांवर आहेत. परगावी परिषद असते, दिवसाचे काम आटोपते आणि रात्री क्लायंटची सरबराई करण्याची वेळ येते. मित्राच्या लग्नाआधीची बॅचलर पार्टी असते. अशा वेळी गाडी कोठे थांबली हे घरी सांगितले जात नाही, आणि घरचेही विचारीत नाहीत.

या क्लबांविषयी जे काही बोलले-लिहिले जाते ते बहुधा नाचणाऱ्या स्त्रीविषयी असते. ती या व्यवसायात का आली, नाइलाजाने की स्वेच्छेने, ती शोषित की स्वतंत्र? समोर बसलेल्या पुरुषाविषयी मात्र प्रश्न क्वचितच विचारला जातो. क्लबातील दिव्यांची रचनाही अशीच असते. झोत तिच्यावर, आणि तो अंधारात. प्रस्तुत लेखात थोडा उजेड त्याच्यावर टाकावा, एवढाच हेतू आहे.

या पुरुषाची सामाजिक प्रतिष्ठा गेल्या शतकात कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत, १९३७ साली, तेथील बर्लेस्क नाट्यगृहांचे परवाने रोखून ती बंद पाडण्यात आली. तेव्हा अशा जागी जाणारा माणूस टोपी पुढे ओढून जात असे. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या काँडोर क्लबात कॅरोल डोडा उघड्या छातीने नाचली आणि हा प्रकार पर्यटकांचे आकर्षण ठरला. पुढे 'जंटलमेन्स क्लब' असे भारदस्त नाव धारण करून, गालिचे आणि चामडी खुर्च्या घालून, हाच धंदा विमानतळांच्या आणि हॉटेलांच्या शेजारी येऊन बसला. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इंडियाना राज्यातील एका खटल्यात असे मानले की, नग्ननृत्य हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अगदी कडेला का होईना, पण आत येते. मात्र अंगावर किमान झाकण असावे असा नियम राज्याला करता येईल. न्यूयॉर्क शहराने १९९५ मध्ये घरे, शाळा आणि प्रार्थनास्थळे यांपासून पाचशे फुटांच्या आत असे व्यवसाय नसावेत, असा नियम केला. हे सारे नियम जागेचे आणि नर्तकीच्या वस्त्रांचे. गिऱ्हाइकाचे वर्तन हा कायद्याचा मुख्य विषय झालाच नाही.

उलट त्याला सवलत मिळाली. १९९४ पासून २०१७ अखेरपर्यंत येथील करकायद्यात व्यवसायासाठी केलेल्या करमणुकीचा निम्मा खर्च उत्पन्नातून वजा करता येत होता, आणि त्या करमणुकीत हे क्लब धरू नयेत असे कायद्यात कोठे म्हटलेले नव्हते. म्हणजे नर्तकीसमोर टाकलेल्या बिलाचा काही भार सरकारी तिजोरी उचलीत होती! २००४ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने स्त्री-कर्मचाऱ्यांविरुद्धच्या भेदभावाचा खटला ५ कोटी ४० लाख डॉलर देऊन मिटविला. संस्थेने आरोप मान्य केले नाहीत. परंतु त्या आरोपांत एक असा होता की, पुरुष सहकारी क्लायंटांना घेऊन स्ट्रिप क्लबात जात आणि स्त्रियांना वगळत. व्यवहार तेथे ठरत, ओळखी तेथे वाढत आणि बढतीच्या वेळी त्या ओळखी कामास येत.

आता त्या गिऱ्हाइकाचे म्हणणे काय, तेही ऐकले पाहिजे. कॅथरीन फ्रँक या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेच्या आग्नेय भागातील एका शहरात पाच क्लबांत स्वतः नर्तकी म्हणून काम केले आणि नित्यनेमाने येणाऱ्या तीस पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. २००२ मध्ये त्यावरील त्यांचे 'जी-स्ट्रिंग्ज अँड सिंपथी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हे पुरुष त्यांना काय म्हणाले? आपण शरीरसुखासाठी येतो, असे बहुतेकांनी म्हटले नाही. घर नाही आणि कचेरीही नाही अशी एक जागा हवी, थोडा विसावा हवा, 'पुरुष' म्हणून वावरता यावे, स्त्रीने आपल्याला स्वीकारावे, आणि हे सर्व करताना संसाराला धोका पोहोचू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे काहीही घडणार नाही ही खात्री त्यांना कमीपणाची वाटत नव्हती. तीच त्यांना सोयीची वाटत होती. समाजशास्त्रज्ञांनी या व्यवहाराला 'बनावट जवळीक' असे नाव फार पूर्वी देऊन ठेवले आहे. बनावट आहे हे दोघांनाही ठाऊक असते आणि तरीही तो पुन्हा येतो.

हे मला खोटे वाटत नाही. माझ्या परिचयाच्या एका मराठी अभियंत्याने, बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर, सांगितलेली गोष्ट येथे नोंदवतो. कचेरीतील मंडळींबरोबर तो प्रथम गेला तेव्हा एका नर्तकीने त्याला नाव विचारले, ते चुकीचे उच्चारले, पुन्हा विचारले आणि बरोबर जमेपर्यंत म्हणून पाहिले. कचेरीत तीन वर्षे त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरेच वापरली जात होती. पुढे तो एकटाही जाऊ लागला, त्याचे कारण त्याने हेच दिले. परदेशात एकट्याने राहणाऱ्या, उच्चारावरून हसला जाणाऱ्या आणि बैठकीत ज्याचे म्हणणे कोणी पुरते ऐकून घेत नाही अशा माणसाची ही भूक आहे. तिची टिंगल करण्याचे मला कारण दिसत नाही.

परंतु त्याच संध्याकाळी ती स्त्री तेथे कशी उभी होती, हे त्याला ठाऊक नव्हते. बहुसंख्य क्लबांत नर्तकीला पगार नसतो. ती 'स्वतंत्र कंत्राटदार' मानली जाते आणि पाळी सुरू करण्यासाठी क्लबालाच जागेचे पैसे देते. शिवाय संगीत लावणारा, पहारेकरी, मद्य देणारा यांचे वाटे असतात. पहिला डॉलर हाती येण्यापूर्वीच ती देणेकरी झालेली असते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रिक्स कॅबरे या क्लबाच्या खटल्यात, या नर्तकी कंत्राटदार नसून कर्मचारीच आहेत आणि त्यांना किमान वेतनाचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. तेव्हा आमच्या अभियंत्याचे नाव तिने चार वेळा म्हणून पाहिले ते तिच्या सुस्वभावामुळेही असेल, पण ते तिचे कामही होते. नकार न मिळण्याची जी खात्री गिऱ्हाइकाला हवी असते, ती तिने नकाराचा हक्क काही तासांसाठी बाजूला ठेवल्यामुळे मिळते.

'मी फक्त पाहतो, माझी आवड ही माझी खाजगी बाब,' हाही नेहमीचा युक्तिवाद आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लस्टी लेडी या क्लबातील नर्तकींनी १९९० च्या दशकात संघटना बांधली. त्यांच्या तक्रारी दोन होत्या. एक, एकतर्फी काचांच्या आडून गिऱ्हाइके त्यांचे चोरून चित्रण करीत. दुसरी, काळ्या नर्तकींना कमी पाळ्या मिळत. तेथे नाचलेल्या सिओभान ब्रुक्स पुढे समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि २०१० मध्ये त्यांनी 'अनइक्वल डिझायर्स' या पुस्तकात दाखविले की, गिऱ्हाइकांच्या तथाकथित आवडीमागे वर्णाची उतरंड उभी असते. कोणाला दर्शनी पाळी, कोणाला किती पैसे, कोणाला कोणत्या वस्तीतला क्लब, हे त्वचेचा रंग ठरवितो. मालक सांगतो, 'गिऱ्हाइकाला असेच हवे.' 'लोकांना चालत नाही' हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी पाणवठ्यावर आणि हॉटेलच्या दारात ऐकलेले आहे. तेव्हा 'आवड' या शब्दाकडे आपण तरी डोळे उघडे ठेवून पाहावे.

आणि आपल्याला या व्यवहाराची ओळख अमेरिकेत झालेली नाही. संगीत बारीत बैठकीसमोर बसून नोट पुढे करायची आणि ती घ्यायला नाचणारीने जवळ यायचे, याला आपल्याकडे दौलतजादा म्हणतात. येथे डॉलरची नोट गार्टरमध्ये खोवतात. हाताची ढब तीच. फरक असा की, तेथे नोट देणारा कोण आणि घेणारी कोण हे पुष्कळदा जातीने आधीच ठरविलेले होते. तमाशात नाचणाऱ्या, देवाला सोडलेल्या, मुरळी-जोगतीण म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रियांत आपल्या वस्त्यांतील लेकी-बहिणी होत्या आणि समोर बसणारे गावचे प्रतिष्ठित होते. रात्री त्यांना तिचा विटाळ होत नसे.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्यासमोर जे भाषण केले त्यात कामाठीपुऱ्यातील भगिनींना ते जीवन सोडून आपल्याबरोबर येण्याचे कठोर शब्दांत आवाहन होते. त्या कठोरपणावर आज विद्वानांत चर्चा होते, आणि ती व्हावी. सिनसिनाटी विद्यापीठातील प्राध्यापिका शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या ग्रंथात 'अश्लील' हा शिक्का जातीने कसा घडविला आणि तमाशातील दलित स्त्रिया मनुस्कीसाठी कशा झगडल्या, याचा इतिहास मांडला आहे. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. पण मला त्या सभेविषयी एक वेगळीच गोष्ट सुचते. बाबासाहेबांसमोर तेव्हा त्या स्त्रिया बसल्या होत्या. त्यांची गिऱ्हाइके त्या सभागृहात नव्हती. आज मात्र सातासमुद्रापलीकडे आपल्यापैकी काही जण नोट देणाऱ्याच्या खुर्चीत बसण्याइतके सधन झाले आहेत. ही परिस्थिती नवी आहे आणि तिच्याविषयी आपल्याला काहीतरी बोलावे लागेल.

बंदी हा उपाय सुचविणाऱ्यांनी महाराष्ट्राचा अनुभव आठवावा. २००५ मध्ये राज्याने डान्स बारवर बंदी घातली, परंतु तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांना सूट दिली. सुमारे ७५ हजार स्त्रियांच्या रोजगाराचा प्रश्न न्यायालयापुढे मांडला गेला. या प्रश्नावर स्त्री-संघटना आणि दलित संघटना यांच्यात तीव्र मतभेद झाले. एका बाजूस उपजीविकेचा हक्क, दुसऱ्या बाजूस जातीने लादलेला धंदा. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि उच्चभ्रूंची नीतिमत्ता आपोआप अधिक उंच असते असे गृहीत धरण्यास नकार दिला. राज्याने २०१६ मध्ये नवा कायदा केला. जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने त्यातील अनेक अटी काढून टाकल्या, टिप देण्यास मुभा दिली, पण नोटा उधळण्यास मनाई कायम ठेवली. मला त्या निकालातील हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. नाच चालेल, मोबदलाही चालेल. पैसे अंगावर फेकणे चालणार नाही. प्रथमच गिऱ्हाइकाच्या हाताकडे कोणीतरी पाहिले.

येथेही संकेत बदलत आहेत, आणि सर्वच बदल वाईट नाहीत. खांबावरचा नाच आता व्यायामशाळेत शिकविला जातो. न्यूयॉर्कच्या क्लबात नाचणाऱ्या तरुणीची कथा सांगणाऱ्या 'अनोरा' या चित्रपटाला मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. नॉर्थ हॉलिवुडच्या स्टार गार्डन क्लबातील नर्तकी २०२३ मध्ये रंगभूमीवरील कलावंतांच्या संघटनेत सामील झाल्या. वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून सुरक्षेची व्यवस्था आणि प्रशिक्षण सक्तीचे केले, तसेच क्लबाला नर्तकीकडून एका पाळीमागे १५० डॉलर किंवा तिच्या कमाईच्या ३० टक्के, यांतील जी रक्कम कमी असेल तीच घेता येईल असे ठरविले. जिने हे काम पत्करले तिला कामगाराचे सर्व हक्क मिळाले पाहिजेत, याविषयी आंबेडकरवादी माणसाच्या मनात शंका असू नये. तिला पतित म्हणणे आपल्या तोंडी तर मुळीच शोभत नाही.

मात्र तिची संमती ही त्याच्या वर्तनाची सबब होऊ शकत नाही. आपल्यातील काही तरुण हसत हसत म्हणतात की, तिसरे शील कोठे मोडले, मी हात तरी कोठे लावला? शील हे कायद्याच्या कलमासारखे वाचले की अशी पळवाट सापडते. प्रश्न स्पर्शाचा नाहीच. दुसऱ्या माणसाने आपल्यासमोर नकार देऊ नये याचे पैसे मोजण्याची आपल्याला सवय लागते काय, आणि ती सवय घेऊन आपण घरी येतो काय, हा आहे. ज्या पत्नीने दिवसभराच्या नोकरीनंतर 'आज नको, थकले आहे' असे म्हटले, तिचे ते वाक्य त्याला मग अपमानास्पद वाटू लागते. या विषयावर मोकळेपणाने बोललेल्या दोघा-तिघांकडून मी हेच ऐकले आहे.

कंपनीच्या सहलींविषयी एक व्यवहाराची गोष्ट. अनेक कंपन्यांनी आता अशा खर्चाला आपल्या नियमांत मनाई केली आहे, आणि २०१८ पासून करसवलतही नाही. तरीही बेत ठरतात, पैसे प्रत्येकाच्या खिशातून निघतात. ते ठरतात ते बहुधा जेवण संपताना, हलक्या आवाजात. संघातील स्त्री-सहकारी त्या वेळी 'मी दमले, खोलीवर जाते' म्हणून उठते किंवा तिला उठावे लागते. आपल्या मुली आता अभियंत्या, लेखापाल आणि वकील होऊन त्या टेबलाशी बसू लागल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत, आदल्या रात्री कोठेतरी ठरून गेलेला निर्णय त्यांना कळतो. त्या रात्री टेबलावरचा एखादा मराठी मुलगा 'मीही खोलीवरच जातो' असे म्हणून उठला होता काय, हे मला त्या मुलींकडून जाणून घ्यायला आवडेल.