वेबसाईट काढण्याआधी ती सांभाळणारा माणूस ठरवा



मेसेज मोठा आहे. संध्याकाळी निवांत वाचा, घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरींनाही वाचायला द्या.

आंबिया बहाराची तोडणी जवळ आली तशी बऱ्याच सभासदांची एक मागणी वाढली आहे: कंपनीची वेबसाईट काढा, मोसंबी ऑनलाईन विकू, मधला माणूस कमी करू. वेबसाईट बनवून देणाऱ्यांची दरपत्रकंही ऑफिसात येऊन पडली आहेत. विषय सभेत येणार आहे. हात वर करण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्या. हा कंपनीचा ठराव नाही, एका संचालकाचं मत आहे.

मत सरळ सांगतो. यंदा घरपोच पार्सल विकणारी मोठी वेबसाईट नको. एक साधं पान हवं, आणि ते पान रोज सांभाळणारा एक पगारी माणूस हवा. माणूस मिळत नसेल तर पानही नको.

*हापूसचं गणित मोसंबीला लागत नाही*

सगळे जण देवगडच्या हापूसचं उदाहरण देतात. उदाहरण चांगलं आहे, पण पूर्ण बघा. हापूस डझनावर विकतो, मोसंबी टनावर. हापूसच्या एका पेटीच्या किमतीत कुरिअरचं भाडं पचतं. आपली पाच किलो मोसंबी पुण्याला पाठवायची झाली तर भाडं, खोका आणि पॅकिंग धरून किलोमागं किती पडतं ते आधी कागदावर मांडा. बऱ्याचदा फळापेक्षा वाहतूक महाग निघते. वरून फळ दबलं की गिऱ्हाईक पैसे परत मागतं, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट. देवगडचं नाव चालतं म्हणून त्या नावानं भलताच आंबा विकणारेही तयार झाले. शेवटी देवगड तालुक्यातल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायचं ठरवलं. गिऱ्हाइकानं स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की माल खरा की खोटा ते तपासता येतं. म्हणजे नाव मोठं झालं तरी काम संपत नाही, उलट राखणीचं काम वाढतं.

तिसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सह्याद्री फार्म्सनं फळं-भाजीपाला थेट शहरातल्या घरांपर्यंत पोचवला. ते जमलं कारण त्यांच्याकडं प्रतवारी, पॅकिंग, शीतगृह आणि गाड्यांची घडी आधीच बसलेली होती. ऑर्डर घेणं हे त्यातलं शेवटचं काम होतं. आपल्याकडं अजून प्रतवारीच एकसारखी नाही. तीन वावरांतला माल एका क्रेटमध्ये येतो. हे वेबसाईटनं सुधारत नाही, फक्त जास्त लोकांना दिसतं.

*मग आपलं गिऱ्हाईक कोण?*

माझ्या मते चार जण. शहरातले ज्यूस सेंटरवाले, हॉटेल आणि दवाखान्यांच्या कॅन्टीनचे खरेदीदार, मोठ्या सोसायट्या ज्या एकत्र शंभर-दोनशे किलो घेतात, आणि परप्रांतातला व्यापारी. हे लोक मोबाईलवर बघतात, पण कार्ट भरून पैसे टाकत नाहीत. ते फोन लावतात. त्यांना पाच गोष्टी हव्या असतात: माल किती, कोणत्या आकाराचा, तोडणी कधी, गाडी कुठं लागेल, बोलायचं कुणाशी. ह्या पाच गोष्टी एका पानावर खऱ्या आणि ताज्या असल्या की आपलं काम झालं.

मोसंबी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. कच्ची तोडली ती कच्चीच राहते. म्हणून तोडणीची तारीख आणि झाडावरच्या फळाचा खरा फोटो ह्याला खरेदीदाराच्या लेखी किंमत आहे. फोटो काढताना फळाशेजारी मोजपट्टी ठेवा, एक फळ मधोमध कापून दाखवा, क्रेटच्या वरचा थर आणि खालचा थर दोन्ही दाखवा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो लावायचा नाही. गाडी घेऊन आलेल्या माणसाला वेगळा माल दिसला तर तो पुन्हा येत नाही, आणि चार जणांना सांगतो.

*नाव कसं लिहायचं, यावरच अर्धं काम आहे*

गिऱ्हाईक आपल्याला ज्या शब्दानं शोधतं तो शब्द पानावर पाहिजे. आपण मोसंबी म्हणतो. हिंदी मुलखात मौसंबी किंवा मौसमी म्हणतात. हैदराबादकडं तेलुगूत बत्तायी म्हणतात. इंग्रजीत कुणी स्वीट लाईम लिहितं, कुणी स्वीट ऑरेंज. पानावर साध्या वाक्यांत हे सगळे शब्द एकदा तरी यावेत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत.

गावाचंही तसंच. पाचोड लिहिलं की बाहेरच्याला जळगाव जिल्ह्यातलं पाचोरा वाटतं. म्हणून नेहमी 'पाचोड, ता. पैठण' असं लिहा. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण दिल्लीचा व्यापारी अजूनही औरंगाबाद टाकून शोधतो, आणि एक औरंगाबाद बिहारमध्येही आहे. दोन्ही नावं, सोबत महाराष्ट्र आणि पिनकोड द्या. आपण महामार्गावर आहोत, ट्रक सरळ येतो, हेही लिहा. गाडीवाल्याला ते मोलाचं आहे.

एक सावधगिरी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. शेजारचा जिल्हा म्हणून ते नाव आपल्या पानावर टाकायचं नाही. असं नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, खोटं वापरणं कायद्यानं गुन्हा आहे. पाचोडच्या बाजारात मोसंबीचे सौदे वर्षानुवर्षं होतात, आपलं नाव काही कमी नाही.

*शिळं पान हे बंद दुकानापेक्षा वाईट*

आतापर्यंत किती संस्थांच्या वेबसाईट उघडून बघितल्या तुम्ही? उद्घाटनाचा फोटो, हार घातलेले पाहुणे, आणि खाली दोन वर्षांपूर्वीचा भाव. फोन लावला तर नंबर बंद. खरेदीदार काय समजतो? ही कंपनी चालू नाही. पान नसतं तर त्यानं गावात कुणाला तरी विचारलं असतं. शिळ्या पानानं ती वाटही बंद केली.

म्हणून भाव टाकायचा तर तारखेसह टाकायचा, नाहीतर 'आजच्या भावासाठी फोन करा' एवढंच लिहायचं. माल संपला की त्याच दिवशी 'आंबिया बहार संपला, मृग बहाराचा माल अमुक महिन्यात' असं लिहायचं. हंगाम नसला तरी पान जिवंत राहिलं पाहिजे. फोन सकाळी सात ते रात्री आठ उचलला गेला पाहिजे. हे काम कुणी येता-जाता करत नाही. 'आपल्या पोराला मोबाईल कळतो, तो बघेल' हे सभेत बोलायला ठीक आहे. पोरगं परीक्षेला किंवा नोकरीला गेलं की पान उघडंच पडतं. महिन्याला थोडं मानधन द्या, काम लिहून द्या, मग हिशोब मागा.

*किल्ली कुणाच्या खिशात?*

वेबसाईटचं नाव, म्हणजे डोमेन, वर्षाच्या भाड्यावर मिळतं. साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. रक्कम छोटी आहे, पण ते कुणाच्या नावावर आहे ही गोष्ट मोठी आहे. बनवून देणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं तर सातबारा त्याचा आणि मशागत आपली. उद्या त्याच्याशी वाजलं तर नाव त्याच्याकडं राहतं. नूतनीकरण चुकलं तर वेबसाईट बंद पडते, आणि मुदत उलटल्यावर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

दरपत्रकावर सही करण्याआधी हे लेखी घ्या:

१) डोमेन कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या ईमेलवर राहील.
२) सगळे पासवर्ड कंपनीकडं राहतील, एक प्रत ऑफिसच्या कपाटात बंद पाकिटात.
३) पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा खर्च किती, तो आजच सांगायचा.
४) फोटो आणि मजकूर आपण स्वतः मोबाईलवरून बदलू शकू.
५) गावातल्या कमी रेंजमध्येही पान पटकन उघडेल. मोठमोठे व्हिडिओ आणि सरकती चित्रं नकोत.

ओटीपीसाठी कंपनीचं वेगळं सिम ठेवा. त्याचं रिचार्ज बंद राहिलं तर सिम बंद होतं आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. मग आपली किल्ली अनोळखी माणसाच्या हातात. कोणत्याही संचालकाच्या खासगी नंबरवर खातं काढू नका. संचालक बदलतात.

*फुकट आहे ते आधी वापरा*

गुगल नकाशावर कंपनीची नोंद फुकट होते. पत्ता, वेळ, फोन, फोटो, सगळं त्यात येतं. ही नोंद आपण ताब्यात घेतली नाही तर नीट सांभाळलीही जात नाही, कारण नकाशावरच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतो. आठवड्यातून एकदा आपला नंबर बरोबर आहे ना ते बघायचं. कुणी वाईट अभिप्राय लिहिला तर भांडायचं नाही. 'आपण कधी माल घेतला, फोन करा, बघू' एवढं उत्तर पुरे. बाकीचे वाचणारे आपली बोलण्याची रीत बघतात.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटोसकट लावता येते, नेहमीची उत्तरं साठवता येतात, आणि 'नवीन चौकशी', 'गाडी ठरली', 'पैसे बाकी' अशी लेबलं लावता येतात. ध्यानात ठेवा, ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यालाच जातो ज्यानं आपला नंबर सेव्ह केलेला आहे. म्हणून पहिल्या फोनवरच खरेदीदाराला सांगा, नंबर सेव्ह करा. आणि रोज गुड मॉर्निंग पाठवू नका. आठवड्यातून एक मेसेज, त्यात फक्त माल, आकार आणि तारीख.

*ऑनलाईन आलं की चोरही येतो*

नंबर जाहीर झाला की फसवणारे फोन सुरू होतात. 'फौजेतून बोलतोय, कॅन्टीनला माल हवा, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा' ही जुनी युक्ती आहे. कायमचं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत. बँकेत जमा दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

*व्यापारी रागावेल का?*

हा प्रश्न बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. खरं सांगायचं तर बाजार बंद पडणार नाही आणि पडूही नये. ट्रकभर माल एका दिवसात उचलणारा माणूस आपल्याला लागणारच आहे. पानावरून सुरुवातीला थोडाच माल जाईल. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. आज उक्ता सौदा ठरतो तेव्हा आपल्यापुढं एकच आकडा असतो. चौकशीच्या वहीत आठ-दहा खरेदीदारांचे नंबर असले तर दुसरा आकडा विचारायला फोन तर करता येतो. विकायचं कुणाला हे मग आपण ठरवू. ह्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप मला पटतो.

*सभेत काय मागायचं?*

माझी विनंती एवढीच. वेबसाईट हवी की नको यावर हात वर करू नका. तीन प्रश्न विचारा. रोज पान सांभाळणार कोण आणि त्याला किती देणार? सगळी खाती कुणाच्या नावावर? हंगाम संपल्यावर किती चौकश्या आल्या, किती टन गेले, याचा हिशोब सभेपुढं कोण मांडणार? तिन्हींची उत्तरं नावानिशी मिळाली तर खुशाल मंजूर करा, मीही हात वर करीन. उत्तरं आली नाहीत तर ते पैसे यंदा प्रतवारीच्या टेबलावर आणि क्रेटवर खर्च करू.

तोपर्यंत प्रत्येकानं एक काम करा. आपल्या बागेचा गट नंबर, झाडांची संख्या, अंदाजे टन आणि तोडणीची तारीख ऑफिसात कळवा. सोबत झाडावरच्या फळांचे दोन फोटो, दिवसाच्या उजेडात काढलेले. ही यादी नसेल तर पानावर लिहायचं काय?

वेगळं मत असेल तर ग्रुपवर वाद नको, सभेत उभं राहून बोला. ऐकायला मी तयार आहे.

आपलाच,
एक संचालक, पाचोड