वैमानिकाच्या विश्रांतीला सूट नको

दिल्लीहून श्रीनगरला निघालेले विमान पानिपत-कर्नालच्या बाजूने उत्तरेकडे चढत जाते. २१ मे २०२५ रोजी याच वाटेवर इंडिगोच्या विमानाला पठाणकोटजवळ गारपिटीने गाठले. डावीकडे वळण्याची परवानगी हवाई दलाच्या नियंत्रण कक्षाने दिली नाही, लाहोरनेही हद्दीत येऊ दिले नाही. ढग इतका जवळ आला होता की मागे फिरणेही शक्य नव्हते. वैमानिकांनी जवळच्या वाटेने तो पार करायचे ठरवले आणि सारे एकदमच बिघडले. ऑटोपायलट सुटला, वेगदर्शकाचा भरवसा उरला नाही, वेग कमालीचा वाढल्याचे आणि विमान तरंगेनासे होत असल्याचे इशारे पुन्हा पुन्हा येऊ लागले. एका क्षणी विमान मिनिटाला ८,५०० फूट या गतीने खाली येत होते. वैमानिकांनी ते हाती घेऊन ढगाबाहेर काढले, ठरलेल्या तपासण्या पुऱ्या केल्या आणि मगच श्रीनगरला ‘पॅन पॅन’ हा तातडीचा इशारा कळवला. नाकाची टोपी फुटली होती, पण दोनशेहून अधिक प्रवाशांपैकी एकालाही इजा झाली नाही.

आधी विमान, मग दिशा, मग बोलणे. हा क्रम प्रत्येक वैमानिकाला पाठ असतो. तो ऐन वेळी आठवण्यासाठी मात्र डोके ताजे लागते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून उडालेले ‘एम्परर अशोका’ हे विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जीव गेले. कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे उपकरण बिघडले होते आणि बाहेरच्या काळोखात क्षितिज दिसत नव्हते. उड्डाणानंतरच्या मिनिटांत विचाराला किती थोडा वेळ मिळतो, हे त्या रात्री दिसले.

म्हणूनच वैमानिकांच्या थकव्यासंबंधीच्या नियमांतून सूट देण्याचा डिसेंबर २०२५ मधला निर्णय आम्हाला अक्षम्य वाटतो. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्रीची अवतरणे सहावरून दोन, हे नवे नियम कंपन्यांना पुरेशी आधी सूचना देऊन लागू झाले होते. तरीही वैमानिक अपुरे पडून इंडिगोची उड्डाणे शेकड्यांनी रद्द झाली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्याच कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. अडकलेल्या प्रवाशांचे हाल खरे होते. पण मनुष्यबळाच्या नियोजनातली चूक वैमानिकांच्या झोपेतून भरून काढायची नसते. सरकारने नंतर इंडिगोच्या उड्डाणांत १० टक्के कपात केली. हीच कपात हंगामी वेळापत्रक मंजूर करताना, हाताशी किती वैमानिक आहेत हे मोजून व्हायला हवी होती. पुढच्या हंगामापासून डीजीसीएने ही मोजणी सक्तीची करावी आणि तिचे आकडे जाहीर करावेत.