जिल्ह्याचा संघ म्हणता ना? मग चाचणी जिल्ह्याला दिसू द्या!

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात आठवी ते बारावीतलं खेळणारं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

शालेय स्पर्धांचा हंगाम सरत आला. ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो पडताहेत. जिंकलेल्या पोरांचं मनापासून कौतुक, त्यांच्या घामाबद्दल आपली काही तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे. "बुलढाणा जिल्हा संघ" असं छातीवर लिहिलेली जर्सी ज्या बारा-पंधरा पोरांना मिळते, त्यांची निवड कुठं झाली, कधी झाली, कोणी केली? तुम्हाला माहीत होतं का? तुमच्या शाळेत नोटीस लागली होती का?

कबड्डी, खो-खोचं तरी थोडंफार कळतं. गावोगाव संघ आहेत, तालुक्याला सामने होतात, चार लोक बघायला जातात. खरी गंमत आहे ती नव्या खेळांत. रग्बीचंच घ्या. शालेय स्पर्धांच्या यादीत रग्बी आहे हे डोणगावातल्या किती पालकांना ठाऊक आहे? हात वर करा.

आधी नियम समजून घ्या. जिल्ह्याच्या नावानं खेळायचे रस्ते दोन. पहिला शाळेचा. शाळेनं प्रवेशिका भरायची, जिंकलेला शाळेचा संघ तालुका, जिल्हा, विभाग असं करत राज्यापर्यंत जातो. आपला विभाग अमरावती. दुसरा रस्ता खेळाच्या संघटनेचा. तिथं जिल्ह्याचा संघ निवड चाचणी घेऊन बनतो आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धेला जातो. पहिल्या रस्त्यावर शाळेनं अर्जच भरला नाही, तर पोरगं कितीही चांगलं असो, विषय संपला. दुसऱ्या रस्त्यावर चाचणीची तारीख कळली नाही, तरी विषय संपला. म्हणजे मैदानावर पाय ठेवण्याआधीच आपले पोट्टे बाद!

कोणी म्हणेल, "एवढं काय त्यात, खेळ तर आहे." फक्त खेळ नाही भाऊ. या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. पुढं मोठ्या पातळीवर चमकलं तर शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला विचारा, एका प्रमाणपत्राची किंमत काय असते. आणि किंमत आहे म्हणूनच त्याचा बाजारही झाला. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं याच महाराष्ट्रात उघडी पडली. असे घोटाळे कबड्डीपेक्षा ट्रॅम्पोलिनमध्ये करणं सोपं का जातं? जिथं बघायला कोणी नाही, तिथं कागद रंगवणं सोपं. ज्या खेळाची चाचणी गुपचूप होते, त्याच्याकडं लोक संशयानं बघणारच. त्यात खरं खेळलेल्या पोराचंही प्रमाणपत्र बदनाम होतं.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण. बुलढाण्याचा प्रथमेश जावकार. २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्यानं तिरंदाजीत त्यावेळच्या जगातल्या एक नंबरच्या खेळाडूला हरवून सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्ण जिंकणाऱ्या कंपाउंड संघातही तो होता. छाती फुगते की नाही? पण एक लक्षात घ्या. तिरंदाजीत बाण कुठं लागला ते सगळ्यांना दिसतं. दहाला लागला तर दहाच. तिथं मामा-काकाची ओळख चालत नाही. धावण्यात घड्याळ आहे, उडीत टेप आहे. सांघिक खेळात मात्र घड्याळही नाही अन् टेपही नाही. तिथं निवडणाऱ्याचा डोळा हेच माप. म्हणून तर तो डोळा चार लोकांसमोर उघडा पाहिजे. सांघिक खेळात चाचणी जास्त उघडी हवी, आणि आपल्याकडं तीच सगळ्यात जास्त झाकलेली असते.

"रग्बी हा आपला खेळच नाही, इंग्रजांचा आहे," असंही ऐकतो. बरं, क्रिकेट काय मेहकरच्या बालाजीनं दिलं का? रग्बी सेव्हन्समध्ये एका बाजूला सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही, मागंच द्यायचा आणि स्वतः पळायचं. समोरच्याला खांद्याखाली धरून पाडायचं. आता सांगा, मातीत कबड्डी खेळणाऱ्या पोराला पकड शिकवावी लागेल का? शेताच्या धुऱ्यावरून शाळेत पळत येणाऱ्या पोरीला दम कमी पडेल का? २०१६ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. २०२५ मध्ये मुंबईत त्याची व्यावसायिक लीगसुद्धा झाली.

हा फक्त श्रीमंत शाळांचा खेळ आहे असं वाटत असेल तर पूर्वेकडं बघा. ओडिशातल्या एका संस्थेत शिकणारी आदिवासी मुलं २००७ ला लंडनला जाऊन १४ वर्षांखालील आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकून आली. बिहारमध्ये पाटणा जिल्ह्यातल्या बाढजवळच्या खेड्यातली स्वीटी कुमारी २०१९ ची जगातली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून निवडली गेली. त्याच बिहारनं पदकवाल्यांना थेट सरकारी नोकरीची योजना आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये राजगीरला २० वर्षांखालची आशियाई सेव्हन्स स्पर्धा भरवली, त्यात भारताच्या मुलींनी कांस्य जिंकलं. बिहारला नावं ठेवणारे आपण! त्यांच्या खेड्यातली पोरगी आशिया गाजवते, अन् आपल्या खेड्यातल्या पोरीला चाचणी कधी होती हे चाचणी झाल्यावर कळतं.

आता खर्चाचं बोलू. समजा डोणगावातल्या एका नववीतल्या मुलीला बुलढाण्याला चाचणीला जायचंय. सकाळी नऊची वेळ दिलेली. मेहकर, चिखली करत ऐंशी-नव्वद किलोमीटर. म्हणजे अंधारात घर सोडायचं. एस.टी.त मुलीला अर्धं तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या बापाला पूर्ण. दिवस सोयाबीन सोंगणीचे. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली, दोघांचा चहा-नाश्ता वेगळा. आणि निरोप आला आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर, तोही कोणाच्या तरी ओळखीतून. ही मुलगी जाईल का? नाही जाणार. मग यादीत कोण येणार? ज्यांचं घर मैदानाजवळ आहे ते, किंवा ज्यांना निरोप आठ दिवस आधी मिळतो ते. कोणी ठरवून पाप केलं असेलच असं मी म्हणत नाही. पण व्यवस्थाच अशी असली की दरवर्षी तीच दोन-तीन गावं वर येतात, मग त्याला जिल्ह्याचा संघ कसं म्हणायचं? आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. घाटावरचे आणि घाटाखालचे, सगळ्यांचा मिळून तो संघ.

साहेब लोकांचं ठरलेलं उत्तर असतं : निधी नाही, माणसं नाहीत. मान्य. पण नोटीस लावायला किती निधी लागतो? यादी जाहीर करायला किती माणसं लागतात? म्हणून मागण्या साध्या आहेत, पुढच्या हंगामाआधी पूर्ण होतील अशा :

१. कोणत्याही खेळाची जिल्हा चाचणी असो, तारीख आणि ठिकाण किमान पंधरा दिवस आधी जाहीर करा. प्रत्येक तालुक्यातल्या शाळांत आणि मोठ्या गावांच्या ग्रामपंचायतीत नोटीस लागली पाहिजे.

२. चाचणी एकाच जागी नको. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागासाठी एक दिवस इकडं द्या, घाटाखाली एक दिवस द्या. अंतिम चाचणी मग बुलढाण्याला घ्या.

३. गुणपत्रक ठेवा. पळण्याची वेळ, पकड, पास, खेळाची समज, प्रत्येकाला गुण. निवडलेल्यांची आणि राखीव खेळाडूंची यादी शाळेच्या नावासकट त्याच दिवशी भिंतीवर लावा.

४. ज्या प्रशिक्षकाची स्वतःची पोरं चाचणीत आहेत, त्यानं एकट्यानं निवड करू नये. बाहेरच्या तालुक्याचा एक माणूस सोबत बसवा.

५. बाहेरगावच्या पोरांना जाण्यायेण्याचं भाडं आणि एक वेळचं जेवण त्याच दिवशी हातात द्या. मुलींसोबत शिक्षिका असलीच पाहिजे.

आणि थोडं आपल्या घरातलंही. सगळा दोष वरच्यांवर ढकलून चालणार नाही. शाळेची प्रवेशिका भरली का, हे किती पालक विचारतात? खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेतला की आपणच खूश होतो. शाळा व्यवस्थापन समितीत आपलेच लोक बसतात. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा : यंदा आपल्या शाळेनं किती खेळांच्या प्रवेशिका भरल्या, आणि बाकीच्या काहून भरल्या नाहीत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी उत्तराला काही अर्थ नसतो.

हरलेल्या पोराला समजावता येतं. "पुढच्या वर्षी जास्त मेहनत कर बेटा" म्हणता येतं. ज्याला खेळूच दिलं नाही त्याला काय सांगणार? ते गप्प बसतं, बूट कोपऱ्यात टाकतं आणि दोन वर्षांनी आपणच म्हणतो, "आजकालच्या पोरांना मोबाईलशिवाय काही सुचत नाही."

या हंगामात तुमच्या लेकराला कोणत्या चाचणीची माहिती उशिरा मिळाली, खेळ आणि महिना कमेंटमध्ये लिहा. कोणाचं नाव घेऊ नका, शिव्या देऊ नका. सगळं एकत्र करून लेखी निवेदन देऊ. ज्यांना सही करायला यायचंय त्यांनी "मी येतो" एवढंच लिहा.