डिस्क ओढणारा हात

परवा सांगलीहून माझ्या एका वर्गमित्राचा फोन आला. त्याची पॅथॉलॉजी लॅब आहे, बऱ्यापैकी चालते. लॅबच्या सर्व्हरमधली एक डिस्क गेली होती. ती बदलायला आलेल्या पोराने भलतीच, चांगली डिस्क ओढून काढली आणि दोन दिवस पेशंटचे रिपोर्ट मिळेनात. शेवटी पुण्याहून कोणीतरी येऊन सगळं परत मिळवून दिलं.

"मग त्या पोराचं काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? त्याच दिवशी घरी बसवला. विषय संपला."

विषय अजिबात संपलेला नाही, म्हणून हे लिहितोय. फोनवर त्याला सुनवायचं धाडस झालं नाही. का झालं नाही ते पुढे येईलच.

आधी ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेड-पाच म्हणजे समजा वाण्याची यादी: पाच रकमा आणि खाली बेरीज. एक रक्कम पुसली गेली तर बेरजेतून बाकीच्या वजा करून ती काढता येते. दोन पुसल्या तर खेळ खलास. (प्रत्यक्षात बेरीज नसते, एक्सऑर असतो, आणि तो एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर विखुरलेला असतो. पण तत्त्व तेच.) म्हणून एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालू राहतो. मात्र त्या अवस्थेत दुसऱ्या कुठल्याही डिस्कला हात लावायचा नसतो.

नोव्हेंबर 2007. मी न्यू जर्सीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत होतो. आमचा सर्व्हर दुसऱ्यांच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने ठेवलेला. 500 जीबीच्या सहा डिस्क, लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड. मंगळवारी एक डिस्क गेली, नवी यायला शुक्रवार उजाडला. रात्री दोनच्या सुमारास मी घरून, पायावर रग घेऊन, तिथल्या रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला फोनवर सांगितलं, "चार नंबरची काढ." त्याने चार नंबरची काढली.

आता गंमत बघा. सॉफ्टवेअर डिस्क मोजतं शून्यापासून आणि पेटीवरची पट्टी मोजते एकपासून. माझी चार म्हणजे त्याची पाच. त्याने तंतोतंत मी सांगितलं तेच केलं. दोन डिस्क गायब, रेड बंद, स्क्रीनवर चुकांची रांग.

पुढचे सहा तास मी आयुष्यात विसरणार नाही. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रातला माणूस म्हणाला, रेड नव्याने तयार करा, डेटा आपोआप दिसेल. नशीब, माझं डोकं तेवढं शाबूत होतं. नव्याने तयार करताना डिस्कचा क्रम एका जागेनेही चुकला, की सॉफ्टवेअर इमानेइतबारे चुकीचं गणित करून शेवटच्या डिस्कवर लिहायला लागतं. मग वाचवायला काही उरत नाही. मी काहीच लिहू दिलं नाही. काढलेली डिस्क त्याच जागी परत बसवून घेतली. मग प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, तिची जागा आणि तिच्यावरचा इव्हेंट काउंट कागदावर उतरवला. इव्हेंट काउंट म्हणजे डिस्कच्या हजेरीचा आकडा, शेवटचा बदल तिला कळला की नाही ते सांगणारा. चार डिस्कचा आकडा सारखा होता. चुकून काढलेली जेमतेम थोडी मागे, आणि मंगळवारी मेलेली तीन दिवस मागे. तिच्यातला माल शिळा, तिला घेतलं असतं तर सगळंच नासलं असतं. तिला बाजूला ठेवून उरलेल्या पाच जबरदस्तीने जोडायचा हुकूम दिला, आधी फक्त वाचण्यापुरतं उघडलं, सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घेतला, मगच नवी डिस्क बसवली. सकाळी आठला डेटा हाती होता.

हे सगळं टेपवरून बॅकअप घेऊन करता आलं नसतं का? नाही. त्याच रात्री कळलं की आमचा टेप बॅकअप सगळ्यात मोठं फोल्डर कित्येक महिने वगळत होता. तशा ईमेल रोज येत होत्या, मलाच. मी त्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ढकलायची सोय करून ठेवली होती.

सोमवारी साहेबांचा अहवाल आला. कारण: मानवी चूक. उपाय: संबंधित तंत्रज्ञ यापुढे आमच्या कामावर नको. महिन्याभराने कळलं की त्याची तिथली नोकरीच गेली. माझा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. मी तो अहवाल वाचला, 'ठीक' असं उत्तर पाठवलं आणि जेवायला गेलो.

म्हणून सांगतो, 'मानवी चूक' हे कारण नव्हेच, ती चौकशी बंद करायची कडी आहे. कडी घातली की पट्टीवरचे आकडे तसेच राहतात, न वाचलेल्या ईमेल तशाच राहतात, आणि डिस्क नेमकी कशी निघाली हे ज्याला सर्वात चांगलं माहीत असतं तोच माणूस बाहेर जातो. 1988 साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात स्वस्तातल्या डिस्क बिघडणारच हे गृहीत धरलेलं आहे. लोखंडाला आपण एवढी सवलत देतो. रात्री दोन वाजता जागा असलेल्या माणसाला मात्र नाही!

उलटं उदाहरणही आहे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसायचा हुकूम दिला आणि सुमारे 300 जीबी उडाले. पाच तऱ्हेच्या बॅकअपपैकी एकही नीट उपयोगी पडला नाही. कोणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. बॅकअप फसल्याच्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या (वाचताना माझा तो कोपरा आठवला). त्यांनी हे सगळं जगासमोर मांडलं, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर दाखवली, आणि अहवालात बोट ठेवलं ते व्यवस्थेवर.

"म्हणजे कोणीच जबाबदार नाही म्हणा की!" असं काही जण म्हणतीलच. आहे ना. मी आहे. अनुक्रमांक सांगायचा सोडून नुसता आकडा सांगणारा मी, ईमेल न वाचणारा मी, बॅकअपवरून एकदाही डेटा परत आणून न पाहणारा मी. विचार करायला ज्याच्याकडे दिवसाउजेडी सहा महिने होते, त्याला आधी विचारा. ज्याच्याकडे फोन कानाला लावून पाच सेकंद होते, त्याला नंतर. लॅबच्या बाबतीत तो पहिला माणूस कोण, हे माझ्या मित्राला कळायला हरकत नसावी.

त्याला फोनवर एवढंच विचारलं, की डिस्कवर अनुक्रमांकाच्या पट्ट्या लावल्यास का. म्हणाला, "नवा पोरगा ठेवलाय, हुशार आहे. त्याला सांगितलंय, नीट बघून काढत जा म्हणून."